यादीत जे छापलेलं नसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात पहिलाच कॉम्प्युटर यायचाय. मुलीला प्रोग्रॅमिंग शिकायचंय, बाकीच्यांचं काम हिशेब, पत्रव्यवहार, व्हिडिओ कॉल आणि फोटो साठवणं एवढंच. दोन लॅपटॉप डोळ्यांसमोर आहेत. एकाच्या यादीत ‘कोअर आय-७, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी’, दुसऱ्याच्या यादीत ‘कोअर आय-५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी’. किंमत जवळपास सारखी. सात हा पाचापेक्षा मोठा म्हणून घरातला कौल पहिल्याला आहे. त्यात एका ओळखीच्यानं ‘लॅपटॉप कशाला, डेस्कटॉप जोडून घ्या’ असा तिसराच फाटा फोडलाय. तर यातलं नेमकं बघायचं काय, आणि हे शब्द मुळात कशाकशाचे?

मी २२ वर्षं मशीन जोडतोय आणि दुरुस्त करतोय. ‘मशीन स्लो आहे’ म्हणून जी माझ्या टेबलावर येतात, त्यांतली बरीचशी बिघडलेली नसतातच. ती घेतली तेव्हापासून तशीच असतात. बरं, घेणाऱ्यानं डोळे मिटून घेतली असंही नाही. यादी चांगली दोनदा वाचलेली असते. पण ती पाच-सहा ओळींची यादी विकणाऱ्यानं लिहिलेली असते. तिच्यात खोटं काही नसतं. जे वाचून गिऱ्हाईक विचारात पडेल, ते फक्त गाळलेलं असतं. त्यामुळे छापलेले शब्द समजून घ्याच, पण माझा सगळा भर न छापलेल्यावर राहील.

सुरुवात प्रोसेसरपासून करायचा रिवाज आहे. मी आधी वाट बघण्याबद्दल सांगतो, कारण कॉम्प्युटरच्या आत बहुतेक वेळ तेच चाललेलं असतं. प्रोसेसर हिशेब करतो. त्या हिशेबाला लागणारी माहिती रॅममध्ये, म्हणजे कामापुरत्या तात्पुरत्या जागेत असते, आणि तिथे नसेल तर कायमच्या साठवणीतून, म्हणजे एसएसडीवरून (चिपवरची साठवण) किंवा हार्ड डिस्कवरून आणावी लागते. ४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४ अब्ज ठोक्यांनी चालणाऱ्या प्रोसेसरचा एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा. रॅमकडून उत्तर यायला सुमारे ८० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीकडून ७०-८० मायक्रोसेकंद, आणि फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्ककडून साधारण १० मिलिसेकंद. हे आकडे नुसते ऐकून काही उमगत नाही. म्हणून समजा, प्रोसेसरचा तो एक ठोका म्हणजे एक सेकंद. मग रॅमचं उत्तर पाच मिनिटांनी येतं. एसएसडीचं तीन-चार दिवसांनी. आणि हार्ड डिस्कचं सव्वा वर्षानं.

सव्वा वर्ष! प्रोसेसर कितीही हुशार असला तरी तो तेवढा वेळ हात बांधून बसणार. (प्रत्यक्षात तो मधल्या वेळात दुसरी कामं उरकतो आणि पुढचं लागणारं आधीच मागवून ठेवतो, म्हणून गाडा चालतो.) वर्षभर ज्या मशीनला शिव्या दिल्या त्यातली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, की मालक ‘प्रोसेसर पण बदलला का?’ असं विचारतो. हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता नुसता हसतो.

रॅमचं महत्त्वही यातूनच कळतं. रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टिम कमी वापरातली माहिती उचलून डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागली की परत आणते. म्हणजे पाच मिनिटांचं काम तीन-चार दिवसांवर जातं. ब्राउझरचे १५ टॅब, एक व्हिडिओ कॉल, शेजारी प्रोग्रॅमिंगचा एडिटर एवढं उघडलं की ८ जीबी संपते. विंडोज ११ ची कागदोपत्री किमान गरज ४ जीबी आहे. तेवढ्यावर ती सुरू होते, त्यापलीकडे फारसं काही होत नाही. नवं मशीन घ्यायचं तर आज १६ जीबीच्या खाली जाऊ नका. तुमच्या दोन लॅपटॉपमध्ये माझा कौल दुसऱ्याकडे झुकतोय तो इथूनच.

रॅमबद्दल यादीत काय गाळतात? एक, ती एका पट्टीत आहे की दोन. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामध्ये सहसा दोन रस्ते असतात. ८ जीबीची एकच पट्टी घातली तर एक रस्ता रिकामा पडून राहतो, ४-४ च्या दोन घातल्या तर दोन्ही चालतात. लिहिण्या-वाचण्याच्या कामात हा फरक जाणवत नाही. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये चित्र काढण्याचं कामही याच रॅममधून होतं, तिथे एकाच रस्त्यावर गर्दी होते आणि खेळ किंवा व्हिडिओ एडिटिंग अडखळतं. त्यात हे ग्राफिक्स रॅमचा एक तुकडा स्वतःसाठी बाजूला काढून ठेवतं. ८ मधले ८ तुमच्या वाट्याला येतच नाहीत.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं: रॅम काढता येते की मदरबोर्डावरच (सगळे भाग ज्यावर बसतात त्या पाटीवर) झाळलेली, म्हणजे सोल्डर केलेली आहे. पातळ लॅपटॉपमध्ये ती सर्रास झाळलेली असते. अशा मशीनमध्ये आज घेतले ते ८ जीबी पुढच्या पाच वर्षांतही ८ जीबीच. ‘नंतर वाढवू’ म्हणून घेतलेले असे लॅपटॉप लोक माझ्याकडे घेऊन येतात, मी मागचं झाकण उघडून त्यांनाच आत बघायला सांगतो. जिथे स्लॉट असायला हवा तिथे काळ्या चिप्सची रांग. काही लॅपटॉपमध्ये थोडी रॅम झाळलेली आणि एक स्लॉट मोकळा अशी मधली सोयही असते, ती चालेल. विचारताना ‘रॅम वाढवता येईल का’ असं विचारू नका, कारण त्याला कोणीही होच म्हणतं. ‘मोकळा स्लॉट आहे का, आणि जास्तीत जास्त किती जीबी चालते’ असं विचारा. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पट्टीवरची खाचच वेगळ्या ठिकाणी असते, जोर लावलात तर स्लॉट मोडेल.

आता प्रोसेसर.

‘आय-७’ हे आडनाव आहे. आडनावावरून घराणं कळतं, माणूस कळत नाही. पूर्ण नाव बघा. समजा पहिल्या लॅपटॉपमधला प्रोसेसर आय-७-१२५५यू आहे आणि दुसऱ्यातला आय-५-१२५००एच. दोघांतले पहिले दोन आकडे १२, म्हणजे बारावी पिढी. खरी गोम शेवटच्या अक्षरात आहे. ‘यू’ म्हणजे कमी विजेवर चालणारा, मूळ रेटिंग १५ वॉट. ‘एच’ म्हणजे जोरकस कामाचा, ४५ वॉट. इंटेलनं २०२१ च्या अखेरीस आलेल्या या बाराव्या पिढीपासून एकाच चिपमध्ये मोठे आणि छोटे असे दोन तऱ्हेचे कोअर घालायला सुरुवात केली. कोअर म्हणजे चिपमधला एक स्वतंत्र कामगार समजा. तर त्या आय-७ मध्ये १० कोअर छापलेले असतात, पण त्यात मोठे फक्त २, बाकी ८ छोटे. त्या आय-५ मध्ये १२, त्यातले मोठे ४. दमदार काम सलग करायचं झालं तर इथे पाचच सातावर मात करतो. नाव मोठं लक्षण खोटं म्हणतात ते हेच. अर्थात यू वाईट असं नाही. बॅटरी दिवसभर टिकावी, पंख्याचा आवाज नको, वजन हलकं हवं, तर तोच बरा. फक्त ‘सात’ हा आकडा बघून जास्त पैसे देऊ नका.

प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी एएमडी, तिच्याकडेही असाच चकवा आहे. त्यांच्या २०२३ च्या लॅपटॉप मालिकेत रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५४०यू अशी दोन नावं आहेत. वाचताना वाटतं सख्खे भाऊ. पण त्या मालिकेत आतली रचना किती जुनी आहे ते तिसरा आकडा सांगतो. ७५२० मधला २ म्हणजे झेन २, ही रचना २०१९ ची. ७५४० मधला ४ म्हणजे झेन ४, २०२२ ची. पहिल्यात ४ कोअर, दुसऱ्यात ६. पुढे दोन्ही कंपन्यांनी नावांची पद्धत पुन्हा बदलली. इंटेलनं डिसेंबर २०२३ पासून ‘आय’ काढून ‘कोअर अल्ट्रा’ आणलं, एएमडीनं नावात ‘एआय’ घातलं. त्यामुळे हे पाढे पाठ करून उपयोग नाही. पूर्ण मॉडेल नंबर मागून घ्या, बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाका आणि तीन गोष्टी वाचा: कधी बाजारात आला, मोठे कोअर किती, किती वॉटचा. दुकानदार पूर्ण नंबर द्यायला कुचराई करत असेल तर त्यातच उत्तर मिळालं.

गिगाहर्ट्झच्या आकड्यापुढे ‘पर्यंत’ हा शब्द असतो, तो चुकवू नका. ‘४.७ गिगाहर्ट्झपर्यंत’ म्हणजे एखादा कोअर, थोडा वेळ, चिप थंड असेल तर. शिवाय निव्वळ गिगाहर्ट्झवरून दोन वेगळ्या पिढ्या तोलताच येत नाहीत. पेंटियम ४ नं २००४ सालीच ३.८ गिगाहर्ट्झ गाठले होते. ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर इंटेलनं जाहीर करून रद्द केला, कारण तापमान आणि विजेची भूक आवरेना. आजचा १५ वॉटचा लॅपटॉप प्रोसेसर त्याच आकड्याच्या आसपास फिरून त्याच्या कितीतरी पट काम करतो, कारण एका ठोक्यात होणारं कामच वाढलंय.

आणि तापमान तर यादीत कधीच नसतं. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. एकच चिप दोन पंख्यांच्या जाड लॅपटॉपमध्ये घोड्यासारखी धावते आणि एका पंख्याच्या पातळ लॅपटॉपमध्ये दहा मिनिटांत धापा टाकते. हे कागदावर कळायला मार्ग नाही. मागची जाळी बघा, पंखे किती ते विचारा, आणि त्या नेमक्या मॉडेलची अर्धा तास सलग भार टाकून घेतलेली चाचणी कोणी दाखवली असेल तर ती बघा.

एसएसडीबद्दल फार वेळ घेत नाही. एम.२ हा आकार आहे, वेग नव्हे. एम.२ च्या पट्टीवर साटा ही जुनी, मंद जोडणीही असू शकते आणि एनव्हीएमई ही नवी, वेगवान जोडणीही. साटाची धाव सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत, एनव्हीएमई तिसऱ्या पिढीत ३५०० आणि चौथ्या पिढीत ७००० च्या घरात जाते. जाहिरातीत हा ७००० ठळक छापतात. रोजच्या कामात ३५०० आणि ७००० यांतला फरक बहुतेकांना डोळे बांधून ओळखता यायचा नाही. हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर आलात की खरी उडी तिथेच झालेली असते. ‘ईएमएमसी’ असं लिहिलं असेल तर मात्र थांबा. ती स्वस्त लॅपटॉपमध्ये बोर्डावरच झाळलेली, मंद आणि बहुधा ६४ किंवा १२८ जीबीची साठवण असते. आणि ५१२ ची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसली म्हणून कोणाशी भांडू नका. कंपनी जीबी मोजताना एक हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. चोरी कोणी केलेली नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. हार्ड डिस्क मरायच्या आधी पुष्कळदा कुरकुर करते, टकटक आवाज देते, माणसाला सावध व्हायला वेळ मिळतो. एसएसडी अनेकदा काल चालू होती आणि आज दिसतच नाही अशी जाते. फोटो साठवायचे आहेत म्हणालात, तर पहिल्या दिवसापासून त्यांची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. चकतीच्या हार्ड डिस्कला आता हेच काम राहिलंय, आणि ते ती चांगलं करते.

ग्राफिक्स कार्ड तुम्हाला लागणार नाही. प्रोग्रॅमिंग शिकायला, हिशेबाला, व्हिडिओ बघायला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. मोठे खेळ, थ्री-डी डिझाइन, भरपूर व्हिडिओ एडिटिंग किंवा स्वतःच्या मशीनवर एआयची मॉडेल चालवणं यांपैकी काही असेल तर वेगळं कार्ड घ्या, आणि तिथेही नावावर जाऊ नका. एनव्हिडिया या कंपनीचं लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर चालवायची मुभा तिनं लॅपटॉप बनवणाऱ्यांना दिली आहे. नाव एकच, कामात जमीन-अस्मानाचा फरक. यादीत वॉट छापलेले नसतील तर ते कंपनीच्या साइटवर शोधा.

डेस्कटॉपवाल्यांसाठी इथेच एक गमतीची गोष्ट. एकदा एक जण चिडून आला: एवढं महागडं ग्राफिक्स कार्ड घातलं आणि खेळ पूर्वीसारखाच अडखळतोय. मशीन उघडलंही नाही मी. मॉनिटरची केबल मागे मदरबोर्डच्या तोंडात खोचलेली होती, ती काढून कार्डाच्या तोंडात लावली. महिनाभर ते कार्ड आत नुसतं बसून होतं. याच्या उलट प्रकारही होतो. इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो त्यात ग्राफिक्सच नसतं. तो थोडा स्वस्त पडतो म्हणून घेतला आणि कार्ड घेतलं नाही, तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि स्क्रीन काळीच राहते.

आता त्या तिसऱ्या फाट्याकडे, डेस्कटॉप. एका जागी बसून काम होणार असेल तर तुमच्या ओळखीच्याचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही. त्याच पैशांत जास्त ताकद मिळते, थंड राहतो, आणि एक भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. पण मुलगी उद्या कॉलेजात घेऊन जाणार असेल तर हा वाद इथेच मिटला. शिवाय मॉनिटर, कीबोर्ड, माउस, कॅमेरा, स्पीकर आणि वीज गेली तर यूपीएस, हे सगळं धरून हिशेब करा. नुसत्या डब्याची किंमत लॅपटॉपशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

जोडून घ्यायचाच झाला तर ज्या एका भागावर कोणाचंच लक्ष नसतं तिथे मी सगळ्यात जास्त बोलतो: एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा तो चौकोनी डबा. भिंतीतली वीज घेऊन तो आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवतो. कोटेशनमध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव असतं, रॅमची कंपनी असते, आणि इथे मात्र ‘कॅबिनेट एसएमपीएससह’ एवढे दोन शब्द. घोडं तिथंच पेंड खातं. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यावर ‘५०० वॉट’चं लेबल असतं. हातात घ्या, वजन बघा. चांगला एसएमपीएस हाताला जड लागतो, कारण आत ट्रान्सफॉर्मर, कॉइल आणि हीटसिंक खरोखर असतात. वजन ही शास्त्रशुद्ध कसोटी नाही, मान्य, पण हलका आणि चांगला असा एसएमपीएस मी तरी पाहिलेला नाही.

‘८० प्लस’ ही खूण बघा, पण तिचा अर्थ काय तेही समजून घ्या. ती कार्यक्षमतेची खूण आहे: २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के वीज कामी लागते. ५०० वॉट आत द्यायला भिंतीतून ६२५ ओढले तर मधले १२५ नुसते उष्णता होऊन जातात. ब्राँझ, गोल्ड या त्याच्याच वरच्या पायऱ्या. पण वीज वरखाली झाली किंवा आत शॉर्ट झालं तर डबा मशीनला वाचवेल की बरोबर घेऊन जाईल, हे त्या खुणेतून कळत नाही. त्यासाठी नावाजलेली कंपनी आणि लांब मुदतीची वॉरंटी हीच त्यातल्या त्यात भरवशाची निशाणी. वॉटचा मोह नको. ग्राफिक्स कार्ड नसलेलं ऑफिस-घरचं मशीन १५० वॉटच्या फार पुढे क्वचितच जातं, तिथे चांगल्या कंपनीचा ४५० वॉटचा डबा कुठल्याशा ७५० च्या डब्यापेक्षा लाखपट बरा.

आणि माझीच एक चूक सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. काही एसएमपीएसच्या केबल डब्यापासून सुट्या होतात. जुना डबा गेला, नवा आणला, केबल आधीच नीट बांधलेल्या होत्या म्हणून त्याच ठेवल्या आणि फक्त डबा बदलला. तोंडं तंतोतंत बसली. बटण दाबलं आणि दोन हार्ड डिस्क गेल्या. डब्याच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने करते, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही ती जुळत नाही. डबा बदलला की केबलही त्याच्याच वापरायच्या. गिऱ्हाइकाला दोन्ही डिस्क मी भरून दिल्या, पण त्यातला डेटा कुठून देणार?

मदरबोर्डावर सगळं बसतं, म्हणून तो निवडताना आज काय बसतं यापेक्षा उद्या काय बसेल ते बघायचं. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटात बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी बसते, पुढचे कोअर अल्ट्रा डेस्कटॉप प्रोसेसर बसत नाहीत. त्यांना वेगळं सॉकेट आहे. एएमडीचं एएम५ हे सॉकेट २०२२ चं, आणि त्याला किमान २०२७ पर्यंत साथ देऊ असं कंपनीनं सांगितलंय. चार-पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर हा मुद्दा मोठा. नसेल तर सोडून द्या, बहुतेक लोक कधीच प्रोसेसर बदलत नाहीत. रॅमचे स्लॉट किती आणि एम.२ च्या जागा किती, हे मात्र मोजून घ्या.

लॅपटॉपकडे परत येतो, कारण तुम्ही बहुधा तोच घेणार. लॅपटॉपमध्ये ज्याकडे तुम्ही रोज तासन् तास बघणार ती स्क्रीन, आणि यादीत तिच्याबद्दल फक्त ‘१५.६ इंच, फुल एचडी’. उजेड किती ते निट्समध्ये मोजतात. २५० निट्सची स्क्रीन खिडकीजवळ बसलं की आरशासारखी होते, ३०० च्या पुढे बरी. रंगांसाठी ‘४५ टक्के एनटीएससी’ असं बारीक अक्षरात दिसलं तर समजा की नेहमीच्या एसआरजीबी रंगांपैकी साधारण ६०-६५ टक्केच ती दाखवू शकते. लाल रंग विटकरी दिसतो, माणसांचे चेहरे आजारी. फोटो बघायचे आहेत ना? मग ‘१०० टक्के एसआरजीबी’ असलेली शोधा, पॅनेल आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग न बिघडणारं) असू द्या. ही स्क्रीन नंतर बदलणं म्हणजे भानगडच.

टाइप-सी हेही एम.२ सारखंच, ते नुसत्या तोंडाचं नाव आहे. त्या तोंडातून काय काय जातं ते मशीनगणिक वेगळं: कुठे फक्त डेटा, कुठे बाहेरचा मॉनिटरही चालतो, कुठे लॅपटॉप चार्जही होतो. तोंडाशेजारी विजेची किंवा डिस्प्लेची खूण असेल तर ठीक, नसेल तर दोन्ही प्रश्न स्पष्ट विचारा.

जुनं मशीन घ्यायचा विचार असेल तर एवढंच: विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची ढोबळमानानं आठव्या पिढीपासून पुढची आणि एएमडीच्या रायझन २००० पासूनची मशीन आहेत. त्याआधीचं स्वस्तात मिळत असेल तर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) वापरायची तयारी असली तरच घ्या. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलीला ते वाईट नाही, खरं तर.

तर तुमच्या त्या दोन याद्या. १६ जीबीचा आय-५ घ्या, पण तीन अटींवर: प्रोसेसरचा पूर्ण नंबर बघून तो जुन्या रचनेचा नाही याची खात्री करा, स्क्रीन स्वतः चालू करून बघा, आणि रॅम झाळलेली असेल तरी १६ वर समाधान आहे ना ते ठरवा. पहिल्या लॅपटॉपला मोकळा स्लॉट असेल, स्क्रीन उजवी असेल आणि वजन हलकं असेल, तर त्यात आणखी ८ जीबीची पट्टी घालून तोही उत्तम होईल. स्लॉट नसेल तर त्याचा विषय सोडा.

आणि हे सगळं विचारण्यापेक्षा सोपी वाट आहे. दुकानात मांडलेलं मशीन विंडोजचं असेल तर त्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘मेमरी’वर जा. खाली किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं, आणि त्याच्याच खाली ‘फॉर्म फॅक्टर’. तिथे ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलं असेल तर रॅम झाळलेली आहे, ‘एसओडीआयएमएम’ असेल तर पट्टी निघते. शेजारच्या ‘सीपीयू’वर टिचकी मारली की प्रोसेसरचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरासकट समोर येतं. विक्रेता ‘काय बघताय?’ म्हणाला तर त्यालाही दाखवा.